बास माशाला पोपटी रंग दिसतो का?

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियात असतो. सुट्टीला तो सस्क्वेहाना नदीवर स्मॉलमाउथ बास धरायला जातो आणि आदल्या रात्री गळावर हरणाचे केस नि पिसं बांधून ‘फ्लाय’ तयार करत बसतो. एकाच घडणीचे फ्लाय त्याच्या डब्यात कितीतरी रंगांत आहेत. वडील विचारतात, ‘माशाला एवढे रंग कळतात का, की हा सगळा दुकानदारांचा फायदा?’

या प्रश्नावर विज्ञानात शंभर वर्षांपूर्वी चांगलंच भांडण झालं होतं. म्युनिकचे नामवंत नेत्रतज्ज्ञ कार्ल फोन हेस यांनी ठाम सांगितलं की मासे पूर्णपणे रंगांध असतात, त्यांना फक्त उजळ-गडद कळतं. कार्ल फोन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला ते पटलं नाही. त्याने लहानशा मिनो माशांना एका रंगावर खाऊ मिळतो हे शिकवलं आणि मग तोच रंग करड्या रंगाच्या फिक्या-गडद छटांमध्ये मिसळून ठेवला. मासा रंगांध असता तर एखाद्या करड्या छटेशी त्याची गल्लत झालीच असती. तशी ती झाली नाही. पुढे मधमाश्यांच्या नाचासाठी याच फ्रिशना १९७३ चं नोबेल मिळालं, आणि मिनो मागे पडले.

पण ‘माशाला रंग दिसतात’ एवढ्याने गळवाल्याचं काम भागत नाही. त्याला हवं असतं ते या विशिष्ट माशाला कोणते रंग वेगळे दिसतात याचं उत्तर. आणि इथे मला ज्याच्याबद्दल मनापासून लिहायचं आहे तो माणूस येतो : फ्रँक ब्राउन.

ब्राउनने १९३७ साली इलिनॉयमध्ये लार्जमाउथ बासवर प्रयोग प्रसिद्ध केले. लार्जमाउथ हा स्मॉलमाउथचा अगदी जवळचा, त्याच प्रजातिगटातला भाऊ. ब्राउनने माशांना रंग ओळखायला शिकवलं, ते कुठे चुकतात याची नोंद ठेवली आणि निष्कर्ष काढला की बासला जग साधारण तसं दिसतं, जसं धड डोळ्यांच्या माणसाला पिवळ्या काचेतून दिसेल. म्हणजे तांबडा-हिरवा फरक शाबूत, निळ्याच्या बाजूला अंधार. तेव्हा माशाच्या डोळ्यातल्या एकेका पेशीची प्रकाशसंवेदना मोजायची सोय नव्हती. नुसत्या वागणुकीवरून हा माणूस तिथवर पोचला होता.

मग त्याचं नाव कुणी का घेत नाही? कारण पुढे तो जैविक घड्याळाच्या वादात पडला. १९५४ साली त्याने कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरचे कालव समुद्रापासून दूर, शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनला आणून अंधारात ठेवले. काही दिवसांनी ते इव्हॅन्स्टनला समुद्र असता तर जेव्हा भरती आली असती, त्या वेळी शिंपले उघडू लागले, असं त्याने मांडलं. प्राण्यांना बाहेरची सूक्ष्म भूभौतिक चाहूल लागते, घड्याळ आत नसतं, हा त्याचा आग्रह. बहुतेकांनी तो नाकारला आणि ते बरोबरच होतं. शरीरातल्या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पण एका वादात हरलेल्या माणसाचं आधीचं भक्कम कामही त्याच्याबरोबर अडगळीत जावं, हा अन्याय आहे.

२०१९ साली इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी पुन्हा लार्जमाउथच घेतला. त्याच्या डोळ्यात त्यांना रंगांसाठी दोनच तऱ्हेच्या शंकुपेशी सापडल्या, एक हिरव्याला आणि एक तांबड्याला संवेदनशील. मासे तांबडा आणि हिरवा झटक्यात निवडत. पण निळा आणि काळा यांत त्यांचा गोंधळ होई, आणि भडक पोपटी-पिवळा नि पांढरा यांतही. ८२ वर्षांनी ब्राउनची पिवळी काच बरोबर ठरली.

गळवाल्यांसाठी यातली गंमत मोठी आहे. त्या भडक पोपटी-पिवळ्याला तिकडे शार्ट्रूज म्हणतात, आणि बाससाठी सगळ्यात गाजलेली रंगजोडी कुठली म्हणाल तर शार्ट्रूज आणि पांढरा. माणसाला दुरून ठळक दिसणारी ही जोडी माशाला बहुधा जवळजवळ एकरंगी दिसते. प्रयोग लार्जमाउथवर झालेत हे मान्य, पण स्मॉलमाउथचं डोळ्यापुरतं घराणं निराळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. दुकानातल्या भिंतभर रंगांपैकी बरेचसे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी असतात, असं मी त्या वडिलांना बिनदिक्कत सांगेन.

तरीही तो शार्ट्रूज-पांढरा फ्लाय मासे पकडतो. मग तो कशावर पकडतो? याचं उत्तर मुलाच्याच नदीवर सापडलं. (बास मुळात सस्क्वेहानाचा नव्हे. शेजारच्या पोटोमॅक नदीत तर १८५४ साली तो बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने आला, वाफेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत बसून!) मिडलटाउन गावचे बॉब क्लाउझर या नदीवर लोकांना मासेमारीला नेत. १९८०च्या दशकात वॅप्सी कंपनीच्या टॉम श्मुकर यांनी त्यांना शिशाचे डंबेलसारखे छोटे डोळे पाठवले. क्लाउझरनी ते गळाच्या दांडीवर बांधून पाहिले आणि त्यातून जो फ्लाय निघाला त्याला प्रसिद्ध मासेमार लेफ्टी क्रे यांनी ‘क्लाउझर डीप मिनो’ असं नाव देऊन १९८९ साली त्यावर लेख लिहिला.

तो बांधताना बघण्यासारखा असतो. गळ पकडीत घट्ट बसवायचा, दांडीवर दोऱ्याचा थर द्यायचा. नेढ्यापासून थोडी जागा सोडून डंबेल दांडीच्या वरच्या अंगाला आडवं ठेवायचं आणि इंग्रजी आठाच्या आकड्यात फेरे मारत आवळायचं. बोटाने फिरवून हललं, तर आणखी फेरे. मग हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, पेन्सिलीच्या निम्म्या जाडीचा झुबका. नवखा माणूस हमखास इथे चुकतो : हात सैल सोडून भरघोस केस घालतो. क्लाउझरचा फ्लाय विरळ हवा, केसांतून पलीकडचं दिसलं पाहिजे. गळ उलटा करून चमकीचे चार धागे, त्यावर दुसऱ्या रंगाचे केस, नेढ्यामागे दोरा गुंडाळून गाठ.

आता पदार्थविज्ञान. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, आणि ते वजन दांडीच्या एका अंगाला, तेही पुढे. पाण्यात पडताच गळ उलटा होतो, टोक वर येतं, त्यामुळे तळाच्या दगडांत अडकत नाही. दोरी ओढली की तोंड वर उचलतं, ओढ थांबली की तोंड खाली करून तो तळाकडे सूर मारतो. घाबरलेला लहान मासा असाच दगडाखाली पळतो. बासचा हल्ला बहुतेकदा या सूर मारण्याच्या क्षणी होतो, असं तिथले अनुभवी गळवाले सांगतात. क्लाउझरने खरं तर खोली आणि पडण्याची रीत बांधली. रंग त्यावर चढलेला आहे.

दुसरी बाजू भक्ष्याची. स्मॉलमाउथचं आवडतं खाद्य म्हणजे क्रेफिश, शेवंडीचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. १९७७ साली रॉय स्टाइन यांनी स्मॉलमाउथसमोर निरनिराळे क्रेफिश ठेवून पाहिलं. मासा कोणताही क्रेफिश झडपत नव्हता. त्याला लहान, आखूड नांग्यांचे हवे होते, आणि नुकतीच कात टाकलेले मऊ तर फारच. मोठ्या नांग्यांचे थोराड नर मात्र तो टाळायचा. खेकडा शिजवण्याआधी आपल्याकडे नांग्या मोडून घेतात, तसा हात माशाला नाही. नांगीशी झुंजण्यात वेळ नि कष्ट जातात आणि पोटात पडतं थोडं. हे वाचल्यापासून मला बाजारातले ऐटबाज नांग्या पसरलेले क्रेफिश-फ्लाय पाहवत नाहीत. ते दिसायला हुबेहूब आणि माशाच्या लेखी नेमके नकोसे. नांग्या लहान कराव्यात आणि गळाच्या बाकाकडे बांधाव्यात, कारण पळताना क्रेफिश शेपटी आपटत मागे सरकतो, नांग्या मागे फरफटतात.

याच माशासाठी १९६७ साली पेन्सिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी वुली बगर बांधला, डॉब्सनफ्लाय या कीटकाची अळी डोळ्यांसमोर ठेवून. त्याची मॅराबू पिसांची शेपटी पाण्याच्या साध्या हालचालीनेही वळवळते. हे मॅराबू आज टर्कीकडून येतं. पूर्वी ते करकोच्यांचं असे. पिसांच्या या व्यापाराची झळ सह्याद्रीपर्यंत पोचली होती. आपल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरचे मेणासारखे चकचकीत ठिपके असलेले पीस फ्लायला डोळा म्हणून लावत, आणि त्यासाठी ते परदेशी जात असे. आज इथे या पक्ष्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि ती पिसं तिकडे पाळीव पक्ष्यांपासून मिळवतात.

तेव्हा मुलाने एक करून पाहावं. एकाच वजनाचे दोन फ्लाय, एक शार्ट्रूज-पांढरा आणि एक नुसता पांढरा, आलटून पालटून त्याच पाण्यात टाकावेत. मग एकाच रंगाचे दोन, पण डोळे हलके-जड. रंग आणि वजन एकदम बदलून मासा लागला की श्रेय रंगाला देण्याची सवय असते, ती एवढ्याने मोडते. पैज लावायची तर मी वजनावर लावेन.

आणि वजन इतकं मोलाचं असेल, तर ते कशाचं आहे हेही बघायला हवं. ईशान्य अमेरिकेतल्या तलावांवरचा लून पक्षी पोटातलं अन्न दळायला बारीक खडे गिळतो, आणि खड्यांबरोबर किंवा गळासकट तुटलेल्या माशाबरोबर शिसंही त्याच्या पोटात जातं. एक छोटा तुकडा त्याला मारायला पुरतो. न्यू हॅम्पशायर, मेन यांसारख्या राज्यांनी लहान शिशाच्या वजनांवर निर्बंध घातले ते यामुळेच. टंगस्टनची घनता १९.३, म्हणजे शिशाहून बरीच जास्त. त्याच वजनाचा डोळा आकाराने लहान होतो आणि फ्लाय उलट लवकर बुडतो. तो महाग पडतो खरा, पण निम्मे रंग विकत घेतले नाहीत तर ते पैसे सहज निघतात.