सही करायची, पण आकडा पाहून!

वऱ्हाडात दिवाळीच्या सुमारास घराघरांत वर्षाचा हिशेब मांडला जातो. सोयाबीन घरात आलेलं असतं, सीतादही करून कापसाची वेचणी सुरू झालेली असते, पण खरा भाव काय मिळेल ते अजून कळायचं असतं. नेमकी याच दिवसांत, १ नोव्हेंबरच्या आसपास, अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांच्या ‘अर्ली’ अर्जाची मुदत संपते. या दोन गोष्टींचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. पण अकोल्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी जे पाहिलं, त्यावरून सांगते, संबंध आहे आणि तो अगदी जवळचा आहे.

माझी भाची बारावी सायन्सला. अकोल्यात बारावीची मुलगी म्हटली की क्लास, नीट, नाहीतर सीईटी. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली मुलंसुद्धा तयारीसाठी खोली करून इथे राहतात. पण हिला भौतिकशास्त्र शिकायचं होतं आणि तेही अमेरिकेत, पदवीपासूनच. मी अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे फॉर्म वाचायची जबाबदारी आपसूक माझ्यावर आली. दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि अकोला गाठायचं, असे तीन-चार महिने गेले.

आधी हे ‘अर्ली’ प्रकरण समजून घेऊ. नेहमीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातात आणि उत्तर मार्चअखेर येतं. अर्ली अर्ज नोव्हेंबरमध्ये जातो, उत्तर डिसेंबरच्या मध्याला. त्यातही दोन जाती. पहिली ‘अर्ली डिसिजन’. ही बांधून घेणारी. असा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. दुसरी ‘अर्ली ॲक्शन’. यात उत्तर लवकर मिळतं, पण निर्णय कळवायला १ मेपर्यंत वेळ असतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची पद्धत या दुसऱ्या जातीची, फक्त त्यांच्याकडे अर्ली अर्ज केला की दुसऱ्या खासगी विद्यापीठात अर्ली अर्ज करता येत नाही.

एका मोठ्या शहरातल्या सल्लागाराने फोनवर सांगितलं, “मॅडम, डिसिजनच टाका, चान्स वाढतो!” आकडे वरवर तसं दाखवतातही. पण त्या अर्ली गटात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. तो वाढीव चान्स जसाच्या तसा अकोल्याच्या मुलीला कसा लागू होईल? खुद्द हार्वर्डने २००६ मध्ये अर्ली प्रवेश बंद करायचं जाहीर केलं होतं. कारण हेच, की त्याचा फायदा आधीच सुस्थितीत असलेल्या मुलांना होतो. प्रिन्स्टननेही तेच केलं. पुढे २०११ मध्ये दोघांनीही ती पद्धत परत आणली, ते वेगळं.

बहिणीच्या घरात बैठक बसली. भाऊजी नोकरीत, बार्शीटाकळीकडे थोडी शेती. भाची म्हणत होती, “मावशी, एकदा सही करून टाकू. पैशाचं नंतर बघता येईल.” बहिणीच्या सासूबाई कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “पैशाचं समजलं नाही अन् सई कायची करता वं? कापसाचा भाव न इचारता गाडी भरता का तुम्ही?”

खोलीत सगळे गप्प! चौथी शिकलेल्या आजींनी नेमकी नस पकडली होती.

नियम असा की, अर्ली डिसिजनमध्ये मदतीचे कागद वेळेत दिले, तर प्रवेशासोबत मदतीचा आकडाही येतो आणि तो खरोखरच अपुरा असेल तर करारातून सुटता येतं. पण चार कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ज्याच्या खिशात पैसा आहे, त्याला त्याचं काही वाटत नाही. आपल्यासारख्या घराला मात्र तुलना हाच आधार असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. परदेशी मुलांची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देणारी आणि लागेल तेवढी पूर्ण मदत करणारी विद्यापीठं मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही त्यांतली, आणि २०२२ पासून डार्टमाउथ. बाकी बहुतेक ठिकाणी ‘मदत हवी’ या खुणेचा प्रवेशावर परिणाम होतो. म्हणून काही जण सुचवतात, आता ‘नको’ लिहा, नंतर मागा. हे मुळीच करू नका! पुष्कळ कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याला नंतर मदत मागताच येत नाही.

मदतीचा अर्ज भरताना बहिणीचा खरा कस लागला. पगार, कर्ज, घर, शेती, सगळं लिहायचं. सातबारा काढला, बँकेची पुस्तकं काढली. इतकी वर्षं घर चालवूनही एकूण कर्ज किती, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. भाऊजी जरा अवघडले. पण ती शांतपणे म्हणाली, “सही माझीबी लागणार असंन, तर आकडाबी मले माहीत पाहिजे.” मैत्रिणींनो, अमेरिकेचं काय व्हायचं ते होवो, हे वाक्य मला मोलाचं वाटलं.

शाळेच्या कागदांची वेगळीच कथा. बारावीचा बोर्डाचा निकाल मे महिन्यात, आणि इथे नोव्हेंबरमध्ये शाळेने अपेक्षित गुण कळवायचे. नववीपासूनच्या गुणपत्रिका जोडायच्या. समुपदेशक म्हणून कोणी नाही, मग प्राचार्य. त्यात दिवाळीची सुटी! शिफारसपत्र म्हटल्यावर सरांनी आधी ‘वर्तन चांगले आहे’ असा दाखला दिला. त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेतला एक प्रसंग इतका सुरेख लिहिला, की वाचून भाचीचेच डोळे भरून आले.

आनंदीबाई जोशींची आठवण झाली. गोपाळरावांचं पत्र एका अमेरिकन मिशनरी मासिकात छापून आलं आणि दंतवैद्याकडे बसलेल्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी ते वाचलं. त्या ओळखीच्या बळावर आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी स्वतः पत्र लिहून सांगितलं, की देशभगिनींना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शिकायचंय. १८८६ मध्ये पदवी घेतली. कशासाठी शिकायचं हे स्वतःच्या शब्दांत सांगणं, आणि आपल्याला ओळखणाऱ्या कुणीतरी आपल्यासाठी शब्द टाकणं... आजचा अर्ज याहून वेगळं काय मागतो?

शेवटी भाचीने न बांधणारा अर्ली अर्ज केला. डिसेंबरात एके दिवशी पहाटे साडेपाचला सगळे मोबाइलभोवती बसले. उत्तर आलं, ‘डिफर’. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, मार्चमध्ये बघू! फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, डोक्यावर ही टांगती तलवार. मार्चअखेर ‘नाही’ आलं. जानेवारीत केलेल्या अर्जांपैकी एका कॉलेजने प्रवेश दिला, पण मदत जोडूनही दरवर्षी लागणारी रक्कम घराच्या उत्पन्नाहून जास्त होती. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आईजवळ बसून स्वतःच आकडेमोड केली आणि ‘येणार नाही’ असं कळवलं. बांधून घेतलं असतं तर?

आता ती पुण्यात बीएस्सी करतेय. अमेरिकेचा विचार सोडलेला नाही. एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी जाईन म्हणते, आणि तिथे पीएच.डी.ला बहुधा विद्यापीठच खर्च उचलतं.

बहिणीच्या गल्लीतल्या बायका आता तिच्याकडे चौकशीला येतात. ती त्यांना सांगते, अकरावीपासूनच फाइल करा, सरांना दिवाळीच्या सुटीआधी गाठा, मदतीच्या चौकटीत खरं तेच लिहा. आणि सही करायच्या आधी नवऱ्याला विचारा, “आपल्यावर कर्ज किती हाये?”