कानांनी वाचलेली कादंबरी

बालाघाटाच्या डोंगररांगांतील पाटोदा तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे कारखान्यांच्या वाटेला लागतात. बिऱ्हाडात भांडीकुंडी असतात, कोयते असतात. ग्रंथ मात्र नसतो. दिवसभराच्या श्रमानंतर कोपीतल्या अंधुक उजेडात पाचशे पृष्ठांची कादंबरी कोण हाती धरणार? परंतु खिशातील मोबाईलमध्ये ती मावते, आणि ऐकण्यास दिवा लागत नाही. २०१७ साली ‘स्टोरीटेल’ने मराठी श्राव्य पुस्तके आणल्यापासून हा मार्ग अधिक रुळला आहे.

ऐकणे म्हणजे वाचन नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पात्रांची नावे निसटतात, मागचे पान सहज चाळता येत नाही. पण ज्या समाजाने श्रीधरांचे ‘हरिविजय’ व ‘पांडवप्रताप’ पिढ्यान्‌पिढ्या कानांनीच आत्मसात केले, त्याने श्रवणाला दुय्यम का मानावे? एकाने वाचावे आणि आळीने ऐकावे, हीच आपली रीत होती.

नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ सालची. सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून पंगू झालेल्या या लेखकाने वाचकांना अद्‌भुताच्या मुलुखात हिंडविले. जागा न सोडता दूर जाणे, हेच दीर्घ कादंबरीचे मर्म. अक्षरओळख नसलेल्या मातेलाही तो आनंद मिळू शकतो; अडसर आहे तो वर्गणीचा. १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना शासनाचा आधार मिळाला. त्यांच्या कपाटांतून आता पुस्तकांप्रमाणे आवाजही घरी नेता आला पाहिजे.