निकष खाटेपर्यंत कसे पोचतात?

केंद्राने 2017 मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रमातून सरकारी प्रसूतिकक्षांना दर्जाचे निकष दिले. पण परिपत्रक निघाले म्हणून खाटेपाशी काही बदलत नाही. उत्तर प्रदेशातल्या 120 आरोग्यकेंद्रांतला ‘बेटरबर्थ’ अभ्यास इथे बोलका आहे. निम्म्या केंद्रांत सुरक्षित प्रसूतीची तपासयादी देऊन प्रशिक्षक परिचारिकांसोबत उभे राहिले, तेव्हा आवश्यक कृतींपैकी सुमारे 73 टक्के होऊ लागल्या; इतरत्र 42. भेटी थांबल्यावर 73 चे 62 झाले. माता-बाळांचे मृत्यू मात्र घटले नाहीत, मग प्रशिक्षकांवर खर्च कशाला? आक्षेप रास्त, पण अपुरा. सोबतीने सवय बदलते. पण तेवढ्याने रक्त, तज्ज्ञ, रुग्णवाहिका येत नाहीत. म्हणून जिल्ह्याच्या गुणवत्ता पथकाकडे (नुसते तपासनीस आधीच पुष्कळ आहेत) शिकवण्याबरोबरच अडचण सोडवण्याचे अधिकार आणि थोडा निधीही हवा.