उत्राण, उधना आणि लोहमार्गाचा हिशेब

तापीच्या उत्तर तीरावरील उत्राण या लहानशा स्टेशनाकडे मुंबई-अहमदाबाद मार्गावरील उतारूंचे लक्ष क्वचितच जाते. परंतु १८६० साली अंकलेश्वराहून निघालेला बॉम्बे-बडोदा कंपनीचा पहिला लोहमार्ग येथेच येऊन थांबला होता, व नदीवर पूल होऊन गाडी सुरतेत शिरेपर्यंत हेच त्याचे दक्षिण टोक होते.

अशी लहान स्टेशने टिकतात कशाने? दोन गाड्यांत सुरक्षित अंतर राहावे म्हणून मार्गाचे खंड पाडलेले असतात, आणि पुढचा खंड मोकळा असल्याची खात्री पटल्याखेरीज गाडीस सिग्नल मिळत नाही. सबब, ज्या स्टेशनाकडे असा खंड सांभाळण्याची आणि मालगाडी बाजूस घेऊन मेलगाडीस वाट देण्याची कामगिरी असते, तेथे भरधाव गाडी न थांबता जात असतानाही हिरवा झेंडा घेऊन माणूस उभा असतो, आणि त्या स्टेशनाचे मोल केवळ तिकिटांच्या महसुलावर ठरत नाही. नुसता फलाट आणि खिडकी असलेल्या थांब्याला मात्र उत्पन्नाचाच दाखला द्यावा लागतो. सुरत जिल्ह्यातील कोसंबा-उमरपाडा हा अरुंद मार्ग तर २०२० मध्ये तोट्याच्या मार्गांच्या यादीत गेला, आणि मार्गावरच गदा आली म्हणजे त्यावरील स्टेशनांची कैफियत कोण ऐकणार!

सुरतेलगतच्या उधना स्टेशनाचे बळ निराळे. तेथून तापी खोऱ्यातील मार्ग नंदुरबार, अमळनेरवरून जळगावास जातो, आणि खानदेशातून येऊन उधना-लिंबायत भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना गावी जाण्यासाठी आजही तोच मार्ग जवळचा आहे.