वड्याचं तेल वांग्यावर

भांडणात हरलेला बबून नर बऱ्याचदा आपल्याहून दुबळ्या नरावर धावून जातो, तो मादीला फटकावतो आणि मादी पिल्लाला. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की १९७८ पासून केनियातल्या मसाई मारा परिसरात हे पाहत होते. फुंकनळीनं भुलीची सुई मारून ते माकडांचं रक्तही तपासत. हरल्यावर दुसऱ्याला बडवणाऱ्या नरांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी आढळली. वड्याचं तेल वांग्यावर काढणाऱ्याला खरोखरच बरं वाटतं!

ताण आला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आधी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढतं. उंदरांमध्ये हेच काम कॉर्टिकोस्टेरॉन करतं. २००४ मध्ये डच आणि हंगेरियन संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतलं हल्ल्याचं केंद्र विजेनं चेतवलं. समोर प्रतिस्पर्धी नसतानाही हे संप्रेरक वाढलं. उलट, संप्रेरक टोचल्यावर हल्ला लवकर सुरू झाला. म्हणजे ताण रागाला चढवतो आणि राग ताणाला. एकदा पेटलेलं भांडण लवकर विझत नाही, त्याचं एक कारण हे.

मग दांडगाई करून वर पोहोचलेला तरी निवांत असतो का? केनियातल्याच अंबोसेली इथल्या बबूनांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या क्रमांकाच्या नरांमध्ये ताणाची संप्रेरकं दुसऱ्या क्रमांकाच्या नरांपेक्षा बरीच जास्त निघाली. गादी टिकवायची तर रोज दंड थोपटावे लागतात.

सर्वांत बोलकी कहाणी सापोल्स्कींच्याच एका कळपाची. १९८०च्या दशकात त्यातले दांडगे नर शेजारच्या कळपाशी मारामारी करून पर्यटक-निवासाच्या उकिरड्यावर चरायला जात. तिथल्या दूषित मांसातून क्षयरोग पसरला आणि ते सगळे मेले. मागे राहिल्या माद्या, पिल्लं आणि सौम्य नर. पुढं बाहेरून तरुण नर येत गेले, जुने नर संपले, तरी कळपाचा सौम्यपणा टिकला. माद्या नवख्यांना लवकर जवळ करत, त्यांच्या अंगावरचे किडे वेचत. वरचे नर खालच्यांना उगाच छळत नसत. एरवी तळाच्या नरांमध्ये दिसणाऱ्या ताणाच्या खुणा इथल्या तळच्या नरांमध्ये दिसल्या नाहीत.

ग्रंथी त्याच होत्या, उतरंडही मोडली नव्हती. वरच्यांचा हात आवरला गेला, तेवढ्यानं खालच्यांचं रक्त बदललं. कोण किती तापट, याचं उत्तर एकट्या प्राण्याच्या शरीरात शोधणं म्हणूनच अपुरं पडतं.