चाकाभोवतीची पोकळी आणि मोठ्या टायरचे गणित

मोटारीच्या पत्र्यात चाकासाठी जी पोकळी सोडलेली असते तिला व्हील वेल म्हणतात, तिच्या बाहेरच्या कमानदार कडेला व्हील आर्च म्हणतात, आणि गॅरेजमध्ये या सगळ्यालाच सरसकट मडगार्ड म्हणून मोकळे होतात. गाडी उभी असताना ही पोकळी गरजेपेक्षा मोठी भासते. टायरच्या माथ्यावर हाताची मूठ सहज आत जाते, आणि एवढ्या जागेत दोन इंचांनी मोठा टायर आरामात बसेल असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती जागा चाकाच्या हालचालीसाठी राखून ठेवलेली असते. दगडावर चढताना चाक वर उचलले जाते, वळताना ते डावी-उजवीकडे फिरते, आणि या दोन्ही हालचाली एकाच वेळी टोकाला गेल्यावर टायर जिथवर पोहोचतो तिथवरची सीमा अभियंत्याने आधीच आखलेली असते. मोठा टायर बसवण्याचा प्रश्न सुटतो तो या टोकाच्या स्थितीत. गाडी उभी करून टेपने घेतलेल्या मापाचा त्यात फारसा उपयोग होत नाही.

नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी आणि ऑक्टोबर २०२० मध्ये नव्या रूपात बाजारात आलेली तीन दारांची महिंद्रा थार हे महाराष्ट्रातील वाचकांना या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण ठरेल. या गाडीला कारखान्यातून २४५/७५ आर १६ किंवा २५५/६५ आर १८ या मापाचे टायर येतात. यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे हे सांगतो, आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो. त्यामुळे २५५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १६६ मिलिमीटर, त्याची दुप्पट, आणि त्यात १८ इंचांचे ४५७ मिलिमीटर मिळवले की टायरचा पूर्ण व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच येतो. हौशी मंडळींत लोकप्रिय असलेला २८५/७० आर १७ हा टायर याच हिशेबाने ८३१ मिलिमीटर व्यासाचा भरतो. व्यासातील हा फरक ४२ मिलिमीटरचा असला तरी एक्सल जमिनीपासून त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे जेमतेम २१ मिलिमीटरने वर येतो. एवढ्याशा लाभासाठी पत्रा कापण्यापर्यंत मजल का जावी, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल.

त्याचे उत्तर डिफरन्शियलमध्ये आहे. इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांत वाटून देणाऱ्या या यंत्रणेचा फुगीर गोळा थारच्या मागच्या अखंड एक्सलच्या मधोमध असतो, आणि चाकोरीतील उंचवट्यावर किंवा दगडावर सर्वांत आधी टेकतो तो हाच. स्प्रिंग बदलून गाडी कितीही उंच केली तरी उचलली जाते ती बॉडी आणि चॅसी. एक्सल मात्र चाकाच्या केंद्राशीच बांधलेला राहतो, म्हणून त्याला जमिनीपासून वर नेण्याचा सरळ मार्ग टायरच्या त्रिज्येतूनच जातो. शिवाय मोठ्या त्रिज्येचे चाक अडथळ्यावर कमी तीव्र कोनातून चढते, आणि हवा कमी केल्यावर त्याचा जमिनीला लागणारा भाग अधिक लांब होतो, ज्याचा फायदा कोकणातील पावसाळी चिखलात चांगलाच जाणवतो.

लिफ्ट किट बसवले की मोठा टायर बसतो, ही या क्षेत्रातील सर्वांत पक्की आणि सर्वांत महागात पडणारी समजूत होय. सस्पेन्शनच्या लिफ्ट किटमध्ये उंच स्प्रिंग किंवा स्प्रिंगच्या टोकाशी बसणाऱ्या चकत्या असतात, आणि त्यांच्यामुळे गाडी उभी असताना टायर व कमान यांतील अंतर वाढते हे खरे आहे. मात्र चाक जास्तीत जास्त किती वर जाऊ शकेल हे स्प्रिंग ठरवत नाही. ते बंप स्टॉप, म्हणजे हालचालीच्या शेवटी धक्का अडवणारा रबरी ठोकळा ठरवतो. तो ठोकळा मूळच्याच जागी राहिला तर पूर्ण दाबलेल्या स्प्रिंगवर चाक पूर्वी जिथे जात होते तिथेच जाणार, आणि आता तिथे मोठा टायर असल्यामुळे तो पत्र्याला घासणार. असा टायर पार्किंगमध्ये देखणा दिसतो, रस्त्यावर महिनाभर काही बोलत नाही, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात पोकळीतले प्लॅस्टिकचे लायनर फाडून मोकळा होतो. बंप स्टॉप उंच करून चाकाचा वरचा प्रवास कमी करता येतो, पण तसे केले की ओबडधोबड जमिनीवर चाके टेकलेली ठेवण्याची क्षमता, जिच्यासाठी हा खटाटोप चालला होता, तीच घटते. बॉडी लिफ्ट हा प्रकार निराळा आहे. त्यात चॅसी आणि बॉडी यांच्यामधील रबरी माउंटवर ठोकळे घालून फक्त बॉडी वर उचलतात, त्यामुळे पोकळी खरोखर वाढते, परंतु स्टेअरिंगचा दांडा, रेडिएटरचे पाइप आणि पंख्याभोवतीचे आवरण यांची जुळणी पुन्हा तपासावी लागते. यानंतरही टायर अडत असेल तरच कापण्याचा मार्ग उरतो.

टायर कोठे अडतो हे सस्पेन्शनच्या रचनेवर अवलंबून असते. थारची पुढची चाके स्वतंत्रपणे हलतात. प्रत्येक चाक दोन आडव्या भुजांनी धरलेले असते आणि वर जाताना सरळ रेषेत न जाता कंसात सरकते. मागे मात्र अखंड एक्सल आहे, त्यामुळे एक बाजू दगडावर चढली की एक्सल तिरका होतो आणि चढलेल्या चाकाचा माथा गाडीच्या आतल्या बाजूला झुकतो, म्हणून मागे बाहेरच्या कमानीइतकेच लक्ष आतल्या भिंतीकडेही द्यावे लागते. पुढे याहून नाजूक प्रश्न स्टेअरिंगचा असतो. एका टोकाला वळवल्यावर टायरची मागची कड बाहेर येऊन कमानीच्या खालच्या मागच्या कोपऱ्याला भिडते, तर दुसऱ्या टोकाला तीच कड आत जाऊन चॅसीकडे सरकते, आणि जिथे इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीजवळ, म्हणजे फायरवॉलजवळ, दोन पत्रे एकमेकांवर दाबून जोडलेले असतात ती पिंच वेल्ड नावाची उभी शिवण टायरच्या वाटेत येते. अमेरिकेत टोयोटाच्या ४रनर आणि टाकोमा या गाड्यांना ३३ इंची टायर बसवताना पुढच्या चाकामागील बॉडी माउंटचा कोपराच आड येतो. तो कापून तेथे पोलादी पट्टी वेल्ड करण्याची पद्धत तेथे इतकी रुळली आहे की त्या आकाराच्या तयार पट्ट्या विकत मिळतात.

या कोपऱ्यांचा त्रास अनेकदा रिममुळे वाढतो. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिम हबला ज्या पृष्ठावर टेकते ते पृष्ठ यांतील अंतराला ऑफसेट म्हणतात. आतल्या सुट्या भागांपासून टायर दूर राहावा आणि गाडी रुंद दिसावी म्हणून कमी ऑफसेटचे रिम किंवा स्पेसर नावाच्या जाड चकत्या घालून चाक बाहेर काढले जाते, पण स्टेअरिंग ज्या अक्षाभोवती फिरते त्यापासून टायर दूर गेल्याने तो वळताना मोठे वर्तुळ कापतो, आणि आतले घासणे थांबून बाहेरचे सुरू होते. रुबाबासाठी चाक दोन बोटे बाहेर काढायचे आणि मग त्यापायी मडगार्ड कापत बसायचे, हा उलटा व्यवहार अनेक गॅरेजांत सुखेनैव चालू असतो. मूळ ऑफसेटच्या जवळ राहणारे रिम निवडले तर कापण्याचे काम निम्म्यावर येऊ शकते.

जाणता मिस्त्री कापायला बसण्याआधी चाकाचा पूर्ण प्रवास पाहतो. त्याची खात्रीची रीत अशी की गाडी चॅसीखाली भक्कम घोड्यांवर ठेवायची, स्प्रिंग काढून टाकायची, नवा टायर चढवायचा आणि जॅकने चाक हळूहळू वर नेत बंप स्टॉप पूर्ण दाबला जाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे. टायरच्या खांद्यावर ओला खडू फासला की तो जिथे लागेल तिथे खूण उमटते, आणि कापायची रेषा या खुणांच्या बाहेर दोन-तीन बोटे सोडून आखली जाते, कारण मड टेरेन टायरच्या खोल खाचांत चिकटलेली जांभ्याची माती आणि अडकलेले खडे यांनाही फिरायला जागा हवी असते. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात कमीअधिक रुंद निघतात आणि रिम रुंद घेतला की तोच टायर आणखी पसरतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर बसलेले माप आपल्या गाडीवर बसेलच असे नाही.

कापकामातही पायऱ्या आहेत. प्लॅस्टिकचे आतले लायनर हीट गनने मऊ करून मागे दाबता येते, पण त्यापूर्वी त्यामागून जाणाऱ्या वायरिंगची आणि वॉशरच्या पाण्याच्या टाकीची जागा पाहून घ्यावी लागते. पिंच वेल्डची शिवण कापण्याऐवजी हातोडीने चपटी ठोकून रंगवली तरी बहुधा भागते. कमानीची आत वळलेली कड आडवी येत असेल तर ती रंग गरम करून रोलरने वर दुमडतात. एवढ्यानेही न भागल्यास बॅटरीची वायर सोडून, चिकटपट्टीवर रेषा आखून, पातळ डिस्क लावलेल्या ग्राइंडरने पत्रा कापायचा असतो, आणि मागच्या बाजूला इंधन टाकीकडे जाणारी नळी जवळ असेल तर ठिणग्यांपासून ती आधी दूर करावी लागते. खरी अडचण पुढे येते. मागची कमान दिसते तशी एका पत्र्याची नसते. बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे कडेवर स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, आणि कड कापून टाकली की तो जोडच नाहीसा होऊन दोन्ही पत्रे सुटे पडतात. म्हणून बाहेरचा पत्रा कापल्यावर आतल्या पत्र्याला थोड्या-थोड्या अंतरावर उभे छेद देतात, त्या पट्ट्या बाहेरच्या पत्र्याकडे ठोकून वळवतात, वेल्ड करतात, फटींत सीलर भरतात, आणि झिंक प्रायमर व रंग झाल्यावर पोकळीत गंजरोधक मेण फवारतात. हा शेवटचा भाग वेळखाऊ आणि बाहेरून न दिसणारा असल्यामुळे नेमका तोच टाळला जातो. मग किनारपट्टीवरच्या खारट हवेत दोन पावसाळ्यांत कमानीच्या कडेवर गंजाचे फुगे येतात आणि नव्या प्लॅस्टिक क्लॅडिंगखाली ते बराच काळ लपून राहतात.

मोठा टायर बसला तरी हिशेब तेथे संपत नाही. वर दिलेल्या उदाहरणात व्यास सव्वापाच टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो, म्हणून मूळ मीटर अचूक धरला तर काटा ८० दाखवत असताना गाडी ताशी ८४ किलोमीटरने धावत असते. एक्सलचे गिअर तितक्याच प्रमाणात उंच झाल्यासारखे वागतात, म्हणजे चढावर जोर कमी पडतो. आणि ब्रेक तेवढाच दाबला तरी त्रिज्या वाढल्यामुळे जमिनीवरचे ब्रेकचे बळ कमी भरते. थारचे जादा चाक मागच्या दारावर टांगलेले असल्याने जड टायरचा भार दाराच्या बिजागऱ्यांवर येतो, हे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. कारखानदार मात्र या साऱ्याचा एकत्र विचार करतात. जीपने रँग्लरसाठी २०२१ मध्ये आणलेल्या एक्स्ट्रीम रेकॉन पॅकेजमध्ये ३५ इंची टायरबरोबर दीड इंचाची लिफ्ट, ४.५६ चे एक्सल गुणोत्तर आणि मागच्या दाराच्या मजबूत बिजागऱ्या दिल्या होत्या, तर फोर्डने ब्रॉन्कोच्या सॅस्क्वॉच पॅकेजमध्ये त्याच मापाच्या टायरसाठी मडगार्डच्या कडाच उंच घेतल्या.

भारतात अशा बदलांना कायद्याचा अडसर मोठा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत कापलेल्या कमानींच्या जिप्सी आणि थार चिखलात उतरतात ते बंदिस्त मार्गावर. तीच गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणली की वरील कलमे लागू होतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती दावा नाकारण्याचे कारण आयतेच पडते.

याच्या अगदी उलट व्यवस्था आइसलँडमध्ये आहे. तेथील हिमनद्यांवर भुसभुशीत बर्फात रुतू नये म्हणून ३८ आणि ४४ इंची टायर वापरून त्यांतील हवा दोन-तीन पीएसआयपर्यंत उतरवतात, आणि एवढे टायर बसवण्यासाठी कमानी खोलवर कापून त्यांवर रुंद मडगार्ड जोडण्याचे व गरजेनुसार पुढचा एक्सल थोडा पुढे सरकवण्याचे कसब तेथील कारागिरांनी विकसित केले आहे. आइसलँडमधील टोयोटा विक्रेत्याचा विभाग म्हणून १९९० मध्ये सुरू झालेली आर्क्टिक ट्रक्स ही संस्था याच कामातून पुढे आली, आणि २००७ च्या टॉप गिअर कार्यक्रमातील उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेल्या हायलक्स गाड्या तिनेच सज्ज केल्या होत्या. तेथे असा बदल गुन्हा समजला जात नाही. मात्र गाडीची विशेष तपासणी होते, वजनाची पावती, चाकांच्या जुळणीचा दाखला आणि मीटर नव्या टायरशी जुळवल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते, आणि त्यानंतरच ती बदललेली गाडी म्हणून नोंदवली जाते.