मद्रासचं नाव लागलेला आजार

अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, हाताच्या पाठीवर, एक मऊ उंचवटा असतो. अंगठा बोटाला घट्ट चिकटवला की तो टरारून वर येतो. हात वाळत चालल्याची तक्रार घेऊन कोणी आलं, की मेंदूविकारतज्ज्ञांची नजर आधी तिथे जाते. उंचवट्याच्या जागी खळगा दिसला, की विचारतात, सदऱ्याची बटणं लावता येतात का?

घरच्यांनी तोवर दूध, अंडी, तेलाची मालीश असं सगळं करून पाहिलेलं असतं. अंग रोडावलं की दोष स्नायूंना दिला जातो. पण स्नायू हुकमाचा ताबेदार. त्याला हुकूम देणारी चेतापेशी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत बसलेली असते. हा मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड आणि साधारण ४५ सेंटिमीटर लांब. त्याच्या खालच्या टोकाकडच्या काही पेशींचा धागा मात्र थेट पावलापर्यंत, मीटरभर जातो. पेशी मेली की तिच्या भरवशावरचे स्नायूतंतू पोरके होतात. शेजारच्या जिवंत पेशी नवे फाटे फोडून त्यांतल्या काहींना पदरात घेतात, म्हणून सुरुवातीला फारसं जाणवत नाही. शेजाऱ्यांनाही भार पेलेनासा झाला, की स्नायू झपाट्याने रोड होतो. कातडीखाली बारीक फडफड दिसते, पापणी लवते तशी.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजारात मात्र बिघाड खुद्द स्नायूत असतो. वरून दोन्हीत अंग वाळलेलंच दिसतं. स्नायूत बारीक सुई घालून विजेचे तरंग पाहणारी ईएमजी तपासणी हा फरक दाखवते.

हुकूम देणाऱ्या पेशी मरण्याच्या आजारांना मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. त्यातला सर्वांत ठाऊक प्रकार एएलएस, फ्रान्सच्या शार्को यांनी १८६९च्या सुमारास वर्णन केलेला. तो बहुधा पन्नाशी-साठीत गाठतो आणि अनेकांना दोन ते पाच वर्षांत संपवतो. म्हणून अहवालावर ‘एमएनडी’ ही तीन अक्षरं दिसली की घरात चूल पेटत नाही. त्या घरांसाठी मद्रासची हकिकत सांगायला हवी.

डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५०मध्ये मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात, सेंट्रल स्टेशनच्या समोर, मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. मीनाक्षीसुंदरम, जगन्नाथन आणि राममूर्ती या तिघांनी १९७०मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त एक निबंध लिहिला. मद्रासमध्ये मोटर न्यूरॉन डिसीज झालेले तरुण रुग्ण त्यांना पुस्तकातल्या वर्णनात बसत नव्हते. वय विशीच्या आगेमागे. हातपाय बारीक, तेही दोन्ही बाजूंना सारखे नाहीत. चेहरा ढिला पडलेला, बोलणं नाकातून येणारं, गिळताना ठसका. आणि ज्याची कोणी अपेक्षाच करणार नाही अशी गोष्ट म्हणजे कित्येकांना ऐकू कमी येत होतं. एएलएसमध्ये कान सहसा शाबूत राहतात. शिवाय हे रुग्ण वर्षानुवर्षं जगत होते.

पुस्तकात नाही म्हणून डॉक्टरांनी रुग्णाला पुस्तकात कोंबलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. वैद्यकात शहरांची नावं लागतात ती बहुतेक पाश्चात्त्य. इथे मद्रासचं नाव जगाच्या ग्रंथांत गेलं. पुढे बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेने १९७१ ते २००७ या ३६ वर्षांतल्या ११६ रुग्णांचा मागोवा घेतला. रुग्ण मुख्यत्वे दक्षिणेकडच्या राज्यांतले होते, आणि आजाराची संथ चाल त्यातही दिसली.

कान आणि गिळणं एकत्र बिघडवणारा आणखी एक दुर्मीळ आजार आहे, ब्राउन-व्हायलेटो-व्हॅन लेरे. जीवनसत्त्व ब-२ पेशीत नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्यात बिघडलेलं असतं, हे २०१०मध्ये उघड झालं. आणि हेच जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिल्यावर कित्येक रुग्ण सुधारले! मद्रासच्या आजाराचं कोडंही इथेच सुटेल, अशी आशा वाटणं साहजिक होतं. निम्हान्सच्या डॉ. नलिनी आणि लंडनच्या संशोधकांनी रुग्णांची जनुकं तपासली. दोष तिथे नव्हता. २०१३मध्ये त्यांनी दोन्ही आजार वेगळे असल्याचं मांडलं. तरीही बहिरेपणासह अंग वाळत असलेल्या मुलाची ब-२च्या बाजूने तपासणी व्हायलाच हवी. उपचार हाताशी असलेला आजार नजरेतून सुटणं परवडणारं नाही.

तरुण मुलांचा एकच हात वाळवणारा आणखी एक आजार जपानच्या हिरायामांनी १९५९मध्ये सांगितला. निम्हान्सच्या डॉ. गौरीदेवी यांनी १९८४मध्ये भारतातल्या तशा रुग्णांचं वर्णन केलं. यात मान पुढे वाकली की मज्जारज्जूभोवतीचं आवरण पुढे सरकतं आणि मज्जारज्जू दाबला जातो. थंडीत बोटं आणखी लुळी पडतात, पेन धरवत नाही. साधा सरळ मानेने काढलेला एमआरआय यात फसवू शकतो. मान वाकवून काढलेल्यात दाब दिसतो. वेळीच ओळखलं तर गळ्यातला पट्टा बऱ्याच जणांची झीज थोपवतो, आणि तसाही हा आजार काही वर्षांनी बहुधा आपोआप थांबतो.

मद्रासच्या आजाराचं मूळ अजून हाती लागलेलं नाही. पेशी परत आणणारं औषधही नाही. पण श्रवणयंत्र आहे, लोंबत्या पावलाला टेकू देणारी पट्टी आहे, ठसका टाळून घास गिळायला शिकवणारे तज्ज्ञ आहेत. विशीतल्या रुग्णापुढे अजून कितीतरी वर्षं असतात, त्यामुळे यातलं प्रत्येक साधन त्याला रोज लागतं.